जगात जर्मनी, क्रोममध्ये परभणी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण खंडेनवमीला अक्षरशः खरी ठरते. त्या दिवशी जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत दारोदारी बुलेट धुतल्या जातात आणि ब्रासो, टूथपेस्ट, तारेची घासणी असा सगळा दारूगोळा सायलेन्सरवर खर्ची पडतो. घासणाऱ्याची श्रद्धा एकच: जितकं घासू तितकं चमकेल. आता हा क्रोम म्हणजे निकेलवर चढवलेला मुलामा, आणि त्याची जाडी सहसा एक मायक्रॉनही भरत नाही. घासणीने गंज जातो हे मान्य. पण सोबत मुलामाही जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज त्याच जागी ऐसपैस पथारी पसरतो. वाकाजवळची निळसर झाक तर उष्णतेची. तिला मळ समजून रगडणाऱ्यांच्या चिकाटीला मात्र दाद द्यायला हवी.

‘मग घासायचंच नाही का?’ घासा की, पण आधी धुवा. इथली काळी माती वाळून धूळ होऊन बसते. तिच्यावरून कोरडं फडकं फिरवणं म्हणजे क्रोमला पॉलिशपेपर मारणं. साबणाचं पाणी, मऊ कापड आणि वर मेणाचा हलका हात, एवढ्यात काम भागतं. ‘गाडी आमची, हौस आमची’ हेही कबूल. पण फोटो सायलेन्सरच्या बाजूने निघतो आणि चिखलाने माखलेली चेन पलीकडे कुरकुरत राहते. तेव्हा यंदा हार खुशाल हँडलला घाला, पण पहिलं फडकं चेनला लावा.