वरनं कमी पडतंय व्हय?

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अशा गावात अंगणात पोहण्याचा तलाव बांधायला विशिष्ट जातीचा माणूस लागतो. तो मी. खड्डा बघून माळीमामा म्हणाले होते, "सायेब, वरनं कमी पडतंय व्हय?" पण पुण्याच्या मेव्हण्याकडे तलाव नव्हता, तिथे पर्जन्यमानाचं काय चालणार!

मला पोहता येत नाही, हा मुद्दा गौण. खंड्याला येत नाही, हा मुख्य.

खंड्या माझा कारवानी कुत्रा. पुढचं मी पाहुण्यांना चहाआधीच ऐकवतो, तेव्हा तुमचीही सुटका नाही. जत-मुधोळच्या माळरानावर सशामागे वाऱ्यासारखी सुटणारी ही जात. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ती जोपासली, तिची जोडी थेट पंचम जॉर्जला भेट दिली. 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर पाच रुपयांचं तिकीट काढलं. मी घोरपडे नाही, तिकिटावरचा कुत्रा खंड्या नाही. तरी हे सांगताना मान माझीच ताठ होते. खंड्या तोवर घोरायला लागलेला असतो.

पण माळावरच्या या राजबिंड्या देहावर चरबी नाही, केस आखूड. वेण्णेकाठी दव गोठतं त्या दिवसांत तो पाण्यात पडला, तर लगेच गारठणार. शिवाय पडलेला कुत्रा घाबरून जवळच्या कडेलाच पंजे मारत राहतो. पायऱ्या चार हातांवर असल्या तरी त्याला सुचत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात मी कंबरभर पाण्यात उतरून त्याला पायऱ्यांचा रस्ता घोटवतो. एका हातात त्याचा पट्टा, दुसऱ्यात कठडा. शिकवणी कोणाची चाललीय, बघणाऱ्याला कळत नाही. तलावावरची ताडपत्री काढून टाकली. कुत्रा तिला जमीन समजून पाय टाकतो, खाली जातो आणि वर येताना डोक्यावर तीच. त्याऐवजी जाळीचं कुंपण केलं, आपोआप मिटणारं फाटक बसवलं.

त्या फाटकाला विटेचा टेकू देणारे पाहुणे मात्र आपोआप मिटत नाहीत. "कुत्र्याला जन्मजात पोहता येतं हो!" म्हणत एकाने खंड्याला पाण्यात ढकललं, दुसऱ्याने मोबाइल धरला. खंड्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. फरशी कुठे संपते तेही त्याला नीट दिसत नाही. पायऱ्या त्याला सापडल्या. बाहेर येऊन तो थरथरत उभा राहिला आणि ज्याने ढकललं त्याच्याकडेच शेपूट हलवत गेला. त्यानंतर मी जे बोललो ते पाहुणचारात बसत नाही.

आता फाटकाला कुलूप आहे, किल्ली माळीमामांकडे. परवा मी ती मागितली, तर म्हणाले, "द्येतो की. पर तुमच्यासंगं कोण हाय?"