गुळाचा ड्रम

"वहिनी, सकाळी सकाळी ड्रममध्ये काय ढवळू लागलात?"

"सुडोमोनास. मोसंबीला डिंक्या लागलाय, बुडाशी ओतायचंय. म्हणलं गूळ जास्त टाकावा, जिवाणू जोमानं वाढतील."

"वाढतील हो, पण वाढले म्हणजे बुरशी मारायचं औषध करतीलच असं कुठंय? पलीकडच्या मळ्यात ढेपच्या ढेप ओतली, तर ड्रम असा आंबला की कुत्रं जवळ जाईना! परवा भाचा आपल्या पाचोडच्या मार्केटात मोसंबी घालून आला अन् तासभर हेच सांगत बसला. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे ना, १९५४ चा? तिथं १९६१ साली हॅमायसिन काढलं, बुरशीवरचं औषध. मातीतल्याच जिवाणूपासून. त्या जिवाणूचं नाव काय ठेवलं माहितीय? स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना!"

"अगं बाई! मग आपल्याकडं एखादा पाचोडिना नाही का निघायचा?"

"निघंलही. पहिल्या पावसात मातीचा वास येतो, तो या मंडळींचाच. पण मोठी लबाड जात. साखर पोटभर मिळाली की नुसती अंगानं वाढते. साखर सरली, फॉस्फेट आटलं, की मग औषध करायला घेते. कणग्या भरलेल्या घरातली पोरं कामाला हात लावतात का? तसंच."

"मग कारखान्यात उपाशी ठेवतात?"

"अगदी तसं नाही. सोयाबीनच्या पेंडीसारखं हळूहळू पचणारं खाणं द्यायचं, ऊब २८ अंशांच्या आसपास, अन् टाकीत हवा सारखी खेळती ठेवायची. हवा कमी पडली की जिवाणू जगले तरी औषध नावालाच."

"म्हणजे गूळ नकोच?"

"थांबा, तुमच्या सुडोमोनासचं भलतंच! त्याच्या काही जाती बुरशीवरचं एक औषध करतात, ते ग्लुकोजनं अन् चिमूटभर जस्तानं उलट वाढतं. अन् लोह कमी पडलं की तो पिवळं-हिरवं काहीतरी सोडतो, आसपासचं लोह ओढून घेतो, बुरशीला राहतच नाही. आपल्या चुनखडीच्या रानात तर लोहाची आधीच बोंब."

"बाई बाई, एकाला साखर चालेना, दुसऱ्याला हवी! मग टाकू का नको?"

"पाकिटावर लिहिलंय तेवढाच. ड्रम सावलीत घ्या, झाकण आवळू नका, दिवसातून दोनदा ढवळा. अन् डिंक खरवडून बोर्डो लावली ना खोडाला?"

"हे लावू लागलेत की."

"मग त्यांना सांगा, बोर्डोची बादली ड्रमपाशी आणू नका. त्यातल्या मोरचुदानं हे सगळे जिवाणू मरतील."

"अहोऽ! ऐकलं का? त्याच बादलीनं ड्रम भरला होता का तुम्ही?"