२३ किलोंचा संसार

जबलपूरच्या राइट टाउन, नेपियर टाउनमधल्या मराठी आजी-आजोबांचं करावं तेवढं कौतुक थोडंच. ऐसपैस घराला कुलूप घालून ते मुलाकडे न्यू जर्सीत, दोन सुटकेसींत, सुखाने नांदतात. उभी हयात गन कॅरेज फॅक्टरीत तोफगाड्यांमध्ये काढलेले आजोबा आता हुकाच्या वजनकाट्यावर मेतकूट तोलतात. बॅगेमागे २३ किलो, वर चिमूटभरही नाही.

सुनेने अख्खं कपाट रिकामं करून दिलंय. पण आजी साडी बॅगेतून काढतात, घडी घालून बॅगेतच ठेवतात. ही शिस्त वाया जाऊ नये. आधार कार्डावर कायमचा पत्ता म्हणून बॅगेचा रंग आणि हँडलला बांधलेली लाल नाडी नोंदवावी. पेन्शनचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखलाही बॅगेच्याच नावे घ्यावा. ती जास्त धडधाकट आहे.

मुलाला मात्र हे बघवत नाही. “आई, असं किती दिवस बॅगेतून राहणार?” तो स्वतःच्या चार बेडरूमच्या घरात राहतो, ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभा आहे, आणि नोकरी गेलीच तर ६० दिवसांत गाशा गुंडाळायचा, हे त्याला तोंडपाठ आहे.

आईचे व्हिसावरचे सहा महिने निदान पक्के असतात.