टू-डीचा धनी

इंग्लंडमध्ये जुने ट्रॅक्टर हौसेने बाळगणाऱ्यांचा जो संप्रदाय आहे, त्यातील बहुसंख्य मंडळी फर्ग्युसन टीई-२० या हलक्या, करड्या ट्रॅक्टरची भक्त असतात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण १९४६ ते १९५६ या काळात त्याचे पाच लाखांहून अधिक नग कोव्हेंट्रीत तयार झाले, त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात आणि तो दुरुस्त करू शकणाऱ्या माणसासाठी फार लांब जावे लागत नाही. प्रस्तुत व्यक्तिचित्राचा विषय असलेल्या गृहस्थाला नेमका याच कारणांसाठी तो नको असतो. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊनच, याचा इतरांना अभिमान वाटतो. या गृहस्थाला त्यातून एवढाच बोध होतो की, ध्रुवावर गेले तरी या ट्रॅक्टरपासून सुटका नाही.

त्याचे मन जडलेले असते डेव्हिड ब्राउन टू-डी या यंत्रावर. यॉर्कशरमधील मेल्टम येथील कारखान्यात १९५६ ते १९६१ या काळात याचे जेमतेम दोन हजारांच्या आसपास नग निघाले. भाजीपाल्याच्या मळ्यांसाठी बनवलेल्या या ट्रॅक्टरचे हवेने थंड होणारे, दोन सिलिंडरांचे, सुमारे १४ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन चालकाच्या पाठीमागे असते आणि कोळप्यासारखी अवजारे मधल्या भागात, त्याच्या नजरेसमोर लावलेली असतात, जेणेकरून ओळींमधले तण काढताना पिकावर घाला पडू नये. अवजारे उचलण्यासाठी इतर ट्रॅक्टरांत तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, म्हणजे हायड्रॉलिक लिफ्ट, असते. येथे ते काम दाबलेली हवा करते, आणि ती साठवण्यासाठी निराळी टाकी न देता सांगाड्याची पोकळ नळीच टाकी म्हणून वापरलेली आहे. कल्पना निःसंशय बुद्धिमान होती. फक्त त्या काळच्या शेतकऱ्यांनी हे यंत्र फारसे विकत घेतले नाही. आज ज्या दुर्मिळतेपायी हा गृहस्थ खिसा रिकामा करतो, ती वस्तुतः त्याच्या आजोबांच्या पिढीने दाखवलेली उदासीनता आहे, पण हे त्याला सांगण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

खरेदीपूर्वी तो वर्षानुवर्षे अभ्यास करतो. ट्रॅक्टर अजून परक्याच्या गोठ्यात असतानाच, बाजारात तुरी या न्यायाने, त्याला कोणत्या छटेचा लाल रंग द्यावा यावर त्याचे घरात दोनदा भांडण झालेले असते. प्रत्यक्ष सौद्याच्या वेळी मात्र हा सगळा अभ्यास निरुपयोगी ठरतो. "थोडी हवा गळते, बाकी काही नाही," असे विक्रेता म्हणतो, तेव्हा ज्या यंत्राची उचल हवेवरच अवलंबून आहे त्याच्या बाबतीत या वाक्याचा अर्थ काय होतो, हे कळण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी असते, पण ते त्या क्षणी त्याच्या कामी येत नाही. पत्नीला तो एवढेच सांगतो की, चाळीस वर्षांपेक्षा जुन्या वाहनाला ब्रिटनमध्ये रस्ताकर माफ असल्यामुळे हा व्यवहार मुळात बचतीचा आहे.

यापुढे त्याच्या संभाषणाला एक ठरलेले वळण लागते. डेव्हिड ब्राउन या उद्योगपतीने १९४७ मध्ये ॲस्टन मार्टिन ही मोटार कंपनी विकत घेतली आणि जेम्स बाँडच्या गाडीच्या 'डीबी ५' या नावातील दोन अक्षरे त्याच्याच नावाची आहेत, हे ऐतिहासिक सत्य तो टपालवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सर्वांना ऐकवतो. दंतवैद्याला तर तोंडात उपकरणे असतानाही. आपला ट्रॅक्टर बाँडच्या गाडीचा सख्खा भाऊ असल्याचे तो उघडपणे म्हणत नाही, श्रोत्याने ते म्हणावे म्हणून थांबतो.

जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळाव्यात तो यंत्राशेजारी घडीची खुर्ची टाकून बसतो आणि "हे काय आहे?" या प्रश्नाची दिवसभर वाट पाहतो. "इंजिन उलटे बसवले आहे का?" असे एखाद्या लहान मुलाने विचारले तरी तो अर्धा तास उत्तर देतो. त्याची खरी परीक्षा होते ती त्याच रांगेत दुसरा टू-डी येऊन उभा राहिला म्हणजे. दोघे धनी हसतमुखाने हस्तांदोलन करतात, परस्परांच्या यंत्राची स्तुती करतात आणि लगेच आपापल्या यंत्रात असा एखादा बोल्ट शोधू लागतात, जो दुसऱ्याकडे कारखान्यातून आलेला नसेल.

सुटे भाग दुर्मिळ असल्यामुळे तो यथावकाश आणखी एक मोडका टू-डी केवळ भाग काढून घेण्यासाठी विकत आणतो. आठवडाभर त्याचे निरीक्षण केल्यावर असे निष्पन्न होते की, हा नग पहिल्यापेक्षा अधिक अस्सल असून त्याचे तुकडे करणे हे पाप ठरेल. त्यामुळे आता दोन ट्रॅक्टरांसाठी भाग हवे असतात, आणि पत्नीसमोर रस्ताकराचा मुद्दा पुन्हा मांडावा लागतो.