टिंबवाले भाऊ

विद्यापीठ पुण्याचं असो, नागपूरचं असो की कोल्हापूरचं, आसपासच्या एखाद्या झेरॉक्सच्या गाळ्यात, अगदी आत, एक भाऊ बसलेले असतात. शिक्षण बारावी, मराठी टायपिंग 30, इंग्रजी 40. पीएच.डी. मात्र दर महिन्याला त्यांच्या हातून दोन-चार तरी होतात. प्रबंध ते वाचत नाहीत. फक्त अनुक्रमणिका बघतात, वैद्याने नाडी बघावी तशी.

मी माझा प्रबंध घेऊन गेलो, तेव्हा अनुक्रमणिका मी स्वतः केलेली होती. म्हणजे 'विषयप्रवेश' लिहायचं, पूर्णविरामाची कळ दाबून धरायची आणि उजवा काठ आला की 1 टाकायचा. दोन पानं, दोन संध्याकाळी. भाऊंनी पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली आणि जरा वेळ गप्प राहिले.

"टिंबं हाताने दिलीत?"

"हो."

"सगळी?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी फॉन्ट बाराचा चौदा केला. माझी टिंबं पुढच्या ओळींवर सांडली आणि पानांचे आकडे वरातीतून परतणाऱ्या मंडळींसारखे वाटेल तिथे उभे राहिले.

"टिंबं आपण नाही द्यायची, सर. टॅबला सांगायचं, तो देतो," भाऊ म्हणाले. मग शीर्षकांकडे वळले. "हे तुम्ही ठळक केलं, मोठं केलं, मधोमध घेतलं. माणसाला कळतं हे शीर्षक आहे. मशीनला काय कळणार? त्याला हेडिंग वन म्हणून ओळख करून द्यावी लागते. त्याशिवाय ते इंडेक्समध्ये घेत नाही."

इथे माझ्यातला संशोधक जागा झाला. मी सांगितलं, की इंडेक्स म्हणजे सूची, ती पुस्तकाच्या शेवटी येते. पुढे येते ती अनुक्रमणिका. "शेवटपर्यंत जातंय कोण?" असं म्हणून भाऊंनी तो विषय संपवला.

त्यांच्या म्हणण्याला आधार नाही असंही नाही. रोमन लेखक प्लिनीने इ.स. 77 च्या सुमारास निसर्गाविषयीचा 37 खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला अख्खा खंड म्हणजे कुठे काय आहे याची यादी. ग्रंथ ज्याला अर्पण केला त्या सम्राटपुत्र टायटसला सगळं वाचत बसावं लागू नये म्हणून ती केली, असं त्याने लिहून ठेवलंय. हे मी भाऊंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. "टायटस म्हणजे त्यांचे गाईड का?" त्यांनी विचारलं.

भाऊंच्या गाळ्यात सगळ्यात जास्त रडारड होते ती ऋणनिर्देशावरून. छपाईला पाच मिनिटं असताना गाईडचा फोन येतो, की अमुक सरांचं नाव राहिलं. विद्यार्थी पांढराफटक. आता सगळे आकडे बदलणार! भाऊ मात्र आधीच सेक्शन ब्रेक टाकून बसलेले असतात. "ऋणनिर्देश रोमन आकड्यात आहे. तिथे गाईडचं अख्खं खानदान घाला, पहिलं प्रकरण एकवरच राहतं."

आकडे ताजे करतानाही मशीन विचारतं, फक्त पानांचे नंबर बदलू की पूर्ण तक्ता. भाऊ तो प्रश्न गिऱ्हाइकाकडे सरकवतात: "हाफ का फुल?" हाफ म्हणून एक पोरगा वेळ वाचवायला गेला आणि नव्याने घातलेलं अख्खं पोटप्रकरण यादीबाहेर राहिलं. दुसऱ्याची कथा त्याहून करुण आहे. पडद्यावर सगळं ठीक होतं; छापताना फील्ड आपोआप ताजी झाली, आणि सहा ठिकाणी पानाच्या आकड्याऐवजी ठळक अक्षरांत 'एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड' उमटलं. कोणी बघितलं नाही. पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. त्यातली एक रद्द प्रत भाऊंनी जपून ठेवलीय आणि घाईवर आलेल्या प्रत्येकाला ते ती काढून दाखवतात.

माझी अनुक्रमणिका मार्गी लागली, तशी त्यांनी नाडी धरली. बोट पडद्यावरून खाली सरकत होतं. "चौथं प्रकरण एकशेबारा पानं. निष्कर्ष सहा. मुदत संपत आली होती ना?" होती. "दुसऱ्यात 2.4.3.1.2 पर्यंत गेलाय. तेव्हा गाईड परदेशात होते का?" होते.

मग बोट तिसऱ्या प्रकरणावर थांबलं.

"3.1 आहे. 3.2 कुठंय?"

"3.2 नाहीये."

"एकुलत्या एक पोराला कोणी थोरला म्हणतं का, सर? एक तर त्याचा नंबर काढा, नाहीतर दुसरं आणा."

नंबर काढला असता तर काम मिनिटात झालं असतं. पण गाईडने त्या पानावर सही केलेली होती. मी घरी गेलो, रात्रभर जागून अकरा पानांचं 3.2 लिहिलं, आणि सकाळी भाऊंनी कळ दाबताच ते 3.1 च्या खाली टिंबांसकट येऊन बसलं.

व्हायव्हाला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंध उघडला, टिंबांवरून बोट उजवीकडे नेलं, पान काढलं आणि म्हणाले, "मौलिक काम म्हणाल तर हे 3.2."