शंभर ग्रॅमची झोप

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीतले एक मराठी साहेब दिवाळीपासून ग्रॅव्हल, म्हणजे खडीच्या रस्त्यावरच्या, सायकलसाठी कार्बनची फ्रेम निवडताहेत. मुलीसाठी स्थळं पाहतानाही एवढी चौकशी झाली नव्हती. स्पेशलाइज्डच्या एस-वर्क्स क्रक्सची फ्रेम 725 ग्रॅमची, त्याखालच्या मॉडेलची 825 ची, असं कंपनी सांगते. मधल्या 100 ग्रॅमनी साहेबांची झोप उडवली आहे. पाण्याची भरलेली बाटलीच पाऊण किलोची होते, आणि साहेबांचं पोट... जाऊ द्या, शेजारधर्म आहे.

मग कार्बनच्या धाग्याची जात. टोरे कंपनीचा टी700 की टी800? टी800 अधिक ताठ, हे खरं. पण फ्रेम कशी निघणार हे कार्बनचे थर कुठे, किती आणि कोणत्या दिशेने बसवले यावर जास्त ठरतं, आणि ते जाहिरातीत कुणी छापत नाही. म्हणून जे छापलंय त्यावरच वाद.

खडीची चिंता नको. दिल्लीत रस्ता खोदला की ती दारात येतेच. अडचण हवेची. हिवाळ्यात प्रदूषणाचा निर्देशांक 400 ओलांडून ‘गंभीर’ झाला, की डॉक्टर म्हणतात बाहेर व्यायाम नको. मग जगातली सर्वांत हलकी फ्रेमसुद्धा बैठकीच्या खोलीत स्टँडवर उभी.

तुम्हाला घ्यायचीच असेल, तर ग्रॅम सोडा आणि किती मिलिमीटरचा टायर बसतो ते विचारा. 45 चा तरी बसायला हवा. वाचलेल्या पैशांत एक दणकट कुलूप घ्या.