वारसा व्हायचे तर आधी मरा

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात बघण्यासारखे काय, असे पाहुण्याने विचारले की बोट रावलांच्या गढीकडे जाते. गढी दाखवून झाली की गावाचा इतिहास संपतो आणि चहा सुरू होतो. 2016 ते 2019 राज्याचे पर्यटन खाते याच गावच्या आमदाराकडे होते. गावाने पर्यटनमंत्री दिला, पर्यटक तेवढे स्टेशनावर उतरायचे राहिलेत. त्यात दोष गावाचा नाही, आपल्या वारशाच्या व्याख्येचा आहे. 1958 चा केंद्रीय कायदा स्मारकाला किमान शंभर वर्षांचे वय मागतो आणि आपण मनातल्या मनात आणखी एक अट घालतो, की ते निकामी झालेले असावे. जिल्ह्यातल्याच थाळनेरचे फारुकी सुलतान या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाले, कारण ते कबरीत आहेत. ज्या तापी खोऱ्याच्या रेल्वेने दोंडाईच्याला बाजारपेठ केले, ती विसाव्या शतकाच्या तोंडावर आली. वयाची अट तिने कधीच पार केली. पण गाड्या अजून धावतात, म्हणून ती नापास.

या बाजारपेठेतल्या मिरचीचे दुर्दैव याहून मोठे, ती अजून ठसका आणते. यावर जाणकार विचारतील, मग काय मिरचीच्या ढिगाभोवती कुंपण घालून निळी पाटी लावायची? पाटी नकोच. पण हंगामात पथारीवर लाल मिरची पसरते, नाकातोंडाला पदर गुंडाळून बायका देठ खुडत बसतात. त्यांना मजुरी काय मिळाली, कोणत्या गावचा माल कोणाच्या आडतीवर उतरला, तोलाई किती कापली, हे सगळे वह्यांत असते. वह्या दर दिवाळीला नव्या होतात आणि जुन्या रद्दीत जातात. असल्या कागदांना कोण विचारतो, हा आक्षेप धुळे जिल्ह्यात तरी घेऊ नये. घरोघरची दप्तरे मागत फिरण्यात इतिहासाचार्य राजवाड्यांचे आयुष्य गेले. 1926 च्या शेवटच्या दिवशी ते वारले आणि लगेच 1927 साली धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्यांना कागद मिळाले ते कोणीतरी माळ्यावर टाकून विसरले होते म्हणून. आता माळे नाहीत आणि रद्दीवाला दारात येतो.

राहता राहिले चिमठाणे. 14 एप्रिल 1944 रोजी स्वातंत्र्यसैनिक जी. डी. बापू लाड आणि साथीदारांनी तिथे धुळ्याहून नंदुरबारकडे चाललेला सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. घटना अस्सल, स्मारकही आहे. पण शंभरी भरायला 2044 उजाडावे लागेल. तेव्हा शताब्दीसाठी समिती नेमली जाईल, निधी मंजूर होईल आणि सरकारी खजिना दुसऱ्यांदा त्याच रस्त्याने निघेल. या खेपेला मात्र तो चिमठाण्यापर्यंत पोहोचेल याची हमी कोण देणार?